सगळ्यांच्या ताटल्या घासणारा माणूस

कोणी ‘मी जेवूनच आलोय’ म्हणालं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो. जेवलेल्या माणसाचे हात मांडीवर निवांत पडलेले असतात. उपाशी माणसाला ते कुठे ठेवावेत तेच कळत नाही. माझ्या या सवयीचा बायकोला भयंकर राग येतो. परवा तिचा मावसभाऊ चिपळूणहून आमच्याकडे रत्नागिरीला आला, तर ‘कुठल्या गाडीने आलास’ हे मी त्याला एकदा दारात विचारलं आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा, जरा वेगळ्या शब्दांत. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हा मला बरं वाटलं. बायको आतून म्हणाली, “झाली का चौकशी? आता वाढू का त्याला, की अजून साक्षीदार हवेत?”

दोष तिचा नाही आणि माझाही नाही. ज्या कामावर आमचं घर चाललं ते कामच तसं होतं. सौदी अरबस्तानात, जुबैलमध्ये, तुरुंगातून सुटलेल्या पण अजून मायदेशी न पोचलेल्या माणसांसाठी एका धर्मादाय संस्थेने घर चालवलं होतं. तिथे कोणाला ठेवायचं, कोणाला तिकीट द्यायचं आणि कोणाला ‘माफ कर बाबा’ म्हणायचं, हे तपासून सांगणं हे माझं काम. थोडक्यात, मला पगार मिळायचा तो संशय घेण्याचा.

सुटला म्हणजे सुटला, असं इथल्या वाचकांना वाटेल. परदेशी कामगाराचं तिकडे तसं नसतं. शिक्षा संपली की त्याला देशाबाहेर जावं लागतं. पण जायला परवाना लागतो, पासपोर्ट लागतो, तिकीट लागतं. पासपोर्ट असतो कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर तो आला त्या मालकाकडे, आणि कामगार तुरुंगात गेला की मालक फोन उचलत नाही. मग हा माणूस ना आत, ना बाहेर. अशांना एक तर तरहीलमध्ये, म्हणजे हद्दपारीच्या कोठडीत, दाटीवाटीने बसून राहावं लागे, नाहीतर आमच्या घरी. त्या घराला आम्ही नुसतं ‘व्हिला’ म्हणायचो. नाव मोठं, लक्षण खोटं. जुबैलच्या जुन्या भागातलं पिवळट दुमजली घर, प्रत्येक खिडकीत खडखडणारा एसी आणि मागे एक मोठं स्वयंपाकघर. पण तिथे स्वतःची खाट होती, दोन्ही वेळचं गरम जेवण होतं, दवाखान्यातून मलमपट्टीला माणूस येई आणि कागद लवकर हलत. तरहीलमधून आलेल्याला ती जन्नतच वाटायची.

जन्नतीला अटी असतातच. आमच्या तीन होत्या. शिक्षा पुरी झालेली हवी. कोणाचा पैशाचा किंवा भरपाईचा खाजगी दावा बाकी नको. आणि तिसरी, सगळ्यात त्रासाची अट म्हणजे त्याला सांभाळणारं इथे कोणी नको. कोणी नातेवाईक, गाववाले असतील तर त्यांनी सांभाळावं, संस्थेच्या खाटा अनाथांसाठी, असा हिशेब. तेव्हा येणारा प्रत्येक जण मला सांगायचा की या वाळवंटात त्याला कुत्रंही ओळखत नाही. आणि मला शोधायचं असे ते कुत्रं.

त्याआधी मी एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होतो. टाइमकीपर म्हणजे तरी काय, कोण खरंच कामावर आलाय आणि कोणाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलंय हे ओळखणं. ती संशयाची प्राथमिक शाळा झाली. व्हिलात आल्यावर मी पदवीपर्यंत पोचलो.

उदाहरणार्थ, दरवाजा. नवा माणूस आला की मी माझ्या खोलीचं दार नुसतं लोटून ठेवायचो आणि आतून ‘ये’ म्हणायचो. बरीच वर्षं तुरुंगात काढलेला माणूस दार ढकलत नाही, उभा राहतो. दार दुसऱ्याने उघडायचं असतं, अशी त्याच्या अंगाला सवय लागलेली असते. जो सरळ ढकलून आत यायचा आणि ‘पाच वर्षं आत होतो साहेब’ म्हणायचा, त्याच्या पाच वर्षांकडे मी जरा निरखून बघायचो. फुकट तिकिटासाठी सुटकेचे कागद विकत घेऊन येणारेही होते हो. खोटं वाटत असेल तर मला दोष देऊ नका, मी तेवढ्यासाठीच बसलो होतो.

एकाला अरबी येत नव्हतं. प्रश्न विचारला की नुसता हसायचा. आमचा आचारी कुट्टी, केरळचा, तेव्हा खोलीत चहा घेऊन आला होता. मी त्याला अरबीत सांगितलं, “आज मटण कमी आहे, या नव्या माणसाला डाळच दे.” नव्या माणसाचं हसू जागच्या जागी मावळलं. त्यानंतर तो फार छान अरबी बोलला.

आणखी एकाची आई दोनदा वारली. एकदा रमजानच्या आधी, एकदा ईदनंतर. मी त्याला बाहेर काढण्याचं जवळजवळ नक्की केलं होतं. कुट्टीने सहज चौकशी केली तेव्हा कळलं की त्याला आया दोन होत्या, एक सख्खी आणि एक सावत्र, आणि बिचाऱ्याच्या दोघीही गेल्या. तो राहिला. या प्रसंगातून मी काही माणुसकी शिकलो असं समजू नका. मी फक्त ‘आई सख्खी की सावत्र’ हा प्रश्न माझ्या चौकशीत वाढवला.

मग सौदीकरणाचे दिवस आले. परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस, असा तो कायदा. आधी दुकानांत, मग कचेऱ्यांत, मग माणसं नेमण्या-तपासण्याच्या सगळ्या खुर्च्यांवर. त्याबरोबरच ज्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, संपलेत त्यांची धरपकड सुरू झाली. रस्त्यांवर तपासणी, खोल्यांवर छापे. आमच्याही संस्थेने मला बोलावून सांगितलं की नवा माणूस येतोय, त्याला काम शिकव आणि तो तयार झाला की तुझं खलास. हे त्यांनी खजूर खायला देत सांगितलं.

नव्या माणसाला सगळे अबू मिशारी म्हणत. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातला, खमीस मुशैतचा. तिथल्या लष्करी तळावर भांडार सांभाळून लवकर निवृत्त झालेला, पन्नाशीला टेकलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ. माझ्या मुलाचं नाव सलीम, म्हणून तो मला पहिल्याच दिवशी ‘अबू सलीम’, म्हणजे सलीमचा बाप, म्हणू लागला. मला हे आवडलं नाही. ज्याची खुर्ची घ्यायची त्याच्या मुलाचं नाव कशाला पाठ करायचं? तो घरून थर्मासमध्ये वेलदोड्याची कॉफी आणायचा आणि पहिला पेला मला द्यायचा. त्याचाही मला संशयच. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, मी तर कॉफीही फुंकत होतो. मला वाटायचं, मी काही चुकतोय का हे वर कळवायला याला आधीच पाठवलंय.

पण काम शिकवायचं ते मी शिकवलं. दरवाजाची युक्ती सांगितली, मटणाची सांगितली, तोंडाआधी हात बघायला सांगितलं. आणि माझा सगळ्यात मोठा नियम सांगितला, “एखादं उत्तर तुला आवडलं, तर ते दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा विचार.” अबू मिशारी मान हलवायचा. तो काही लिहून घ्यायचा नाही. मला वाटलं, याच्या डोक्यात काही शिरत नाही.

अशातच दाऊद आला. तुरुंगाच्या गाडीतून उतरला तो लंगडतच. माझ्याच वयाचा, पण साखरेच्या आजाराने वाळलेला. डाव्या पायाचा अंगठा काळा पडत चाललेला. मलमपट्टीला येणाऱ्या माणसाने पट्टी सोडली, पुन्हा बांधली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “याला लवकर घरी पाठवा, तिथे नीट इलाज होईल. तरहीलच्या गर्दीत गेला तर पाय जाईल.” म्हणजे आता मी जे ठरवणार होतो ते एका पायाबद्दल होतं.

दार लोटलेलं होतं. दाऊद बाहेर उभा राहिला. पहिली परीक्षा पास झाला. गाव विचारलं तर म्हणाला, रत्नागिरी जिल्हा. मी एकदम सावध झालो. आपल्याकडचा माणूस समोर आला की इतरांना बरं वाटतं. मला त्या खुर्चीत बसून भीती वाटायची, कारण आपल्या माणसाचं खोटं चटकन खरं वाटतं.

त्याचा गुन्हा होता परवाना नसलेल्या माणसांना गाडीतून नेण्याचा. तो ड्रायव्हर होता. रस्त्यावरच्या तपासणीत पकडला गेला तेव्हा मागे तिघे होते, तिघांचेही इकामे संपलेले. त्यांना कुठून कुठे नेत होतास, हे तो शेवटपर्यंत सांगेना, म्हणून शिक्षाही लांबली होती. हे ऐकल्यावर माझ्या मनात एकच शब्द आला, एजंट. माणसं आणायची, लपवायची, विकायची, हा धंदा करणारे मी पाहिले होते. त्यांच्यावर मला चीड होती आणि अजून आहे.

“राहायचास कुठे?” मी विचारलं.

“गाडीतच झोपायचा साहेब. कधी मशिदीच्या मागं.”

“आणि जेवण?”

“मिळंल तिथं.”

“गावचं कोणीच नाही इथे? रत्नागिरीचा माणूस जुबैलमध्ये, आणि गावचं कोणी नाही?”

“कोन नाय,” तो म्हणाला आणि पायाच्या पट्टीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोच प्रश्न फिरवून विचारला, पुन्हा तेच उत्तर. अगदी त्याच शब्दांत. खरं बोलणाऱ्याचे शब्द थोडे बदलतात. पाठ केलेलं बदलत नाही. मी मनात त्याला खोटा ठरवून टाकलं. अबू मिशारी शेजारी बसला होता. तो म्हणाला, “याचा पत्ता शोधायला हवा, नाही का?” मी म्हणालो, “हवाच.”

पत्ता शोधणं म्हणजे काय, तेही सांगतो. पूर्वी मी एकटाच जायचो, बिस्किटांचा डबा घेऊन. दार वाजवायचो, विचारायचो, तुमचा माणूस सुटलाय, सांभाळाल का? धरपकडीच्या दिवसांत मात्र नियम झाला की पत्त्यावर जायचं तर सोबत सरकारी माणूस. आणि सरकारी माणूस एकदा खोलीत शिरला की तो फक्त दाऊदबद्दल विचारून परत येत नाही. तो सगळ्यांचे इकामे बघतो, आणि खाली गाडी उभी असते.

त्याच दुपारची गोष्ट. व्हिलात सगळे खाली चटई टाकून एकत्र जेवायचे, आम्हीही त्यांच्यातच. माझं जेवण रेंगाळलं होतं; बाकीच्यांचा शेवटचा घास झाला आणि दाऊद उठला. लंगडत लंगडत त्याने सगळ्यांच्या ताटल्या गोळा केल्या, मोठ्या खाली, छोट्या वर. कुट्टी ‘अरे, छोड़ो’ म्हणत होता, तोवर हा मोरीपाशी पोचला. आधी ताटल्या घासल्या, मग वाट्या, पेले सगळ्यांत शेवटी. पेले पालथे घातले ते एकमेकांना न टेकवता, ओळीने.

माझ्या हातातला खबूसचा, म्हणजे तिकडच्या रोटीचा, तुकडा तसाच राहिला.

याचं कारण आमच्याकडच्या वाचकांना सांगावं लागणार नाही, पण इतरांना सांगतो. कोकणातल्या आम्हा मुसलमानांची परदेशात गावाची खोली असते. एका गावचे आठ-दहा जण मिळून ती घेतात. गावचा नवा माणूस उतरला की त्याला हॉटेल नाही, पाहुणे नाहीत, तो थेट खोलीवर. नोकरी लागेपर्यंत त्याला कोणी जेवणाचे पैसे मागत नाही. रीत एकच. बेकार माणसाने सगळ्यांच्या ताटल्या घासायच्या. हे कोणी सांगत नाही, तोच उठतो. मीही घासल्या आहेत. पेले ओळीने, न टेकवता ठेवायचे, नाहीतर जुने लोक ओरडतात. आणि ज्या दिवशी नोकरी लागते त्या दिवशी पेढे-बिढे काही नाही; जेवण झाल्यावर तो माणूस नुसता बसून राहतो. मी बसून राहिलो होतो तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

तेव्हा दाऊदची खोली होती, हे त्याच्या हातांनी मला सांगितलं. मशिदीच्या मागे झोपणारा माणूस पेले असे ठेवत नाही. तो खोटं बोलत होता, माझा संशय खरा होता. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट उघडी पडली. एजंट घासत नाही, तो इतरांना घासायला लावतो. दाऊद गाडीतून नेत होता ती त्याच्या खोलीतली माणसं होती, त्याच्या गावची, परवाने संपलेली. त्यांना कुठून आणलं हे न सांगता त्याने तुरुंग भोगला आणि आता पाय जायची वेळ आली तरी पत्ता सांगत नव्हता. सांगितला असता तर ती सगळी खालच्या गाडीत बसली असती.

मी मान खाली घालून डाळ ढवळत बसलो.

“अरे अबू सलीम,” अबू मिशारी शेजारून म्हणाला. तो मोरीकडे बघत होता. “हा माणूस सगळ्यांच्या ताटल्या का घासतो?”

मीच शिकवलं होतं ना, हात बघायला! माझा चेला माझ्याच पाटावर बसून मला प्रश्न विचारत होता.

“आमच्याकडची रीत आहे,” मी म्हणालो. “कोकणातला माणूस दुसऱ्याच्या घरी जेवला की ताटल्या घासतो.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

“तूसुद्धा?”

“मीसुद्धा.”

“वल्ला?”

आता वल्ला म्हणजे अल्लाची शपथ. खोटं बोलायला जीभ तयार होती, पण शपथ घ्यायला धजावेना. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायला लागलो, बराच वेळ. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण माझ्याकडे बघत राहिला.

झालं. थाप मारली ती निभावायला हवी. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी टाय खांद्यावर टाकला, बाह्या वर केल्या आणि ताटल्या गोळा करायला लागलो. इतक्या वर्षांत मी तिथे कधी चमचाही विसळला नव्हता. चहाचा कप मी टेबलावर ठेवायचो आणि तो आपोआप नाहीसा व्हायचा. कुट्टी दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, “सार, क्या हुआ? घर में झगड़ा?”

“कुछ नहीं हुआ. साबण दे,” मी म्हणालो.

मोरीपाशी दाऊद आधीच होता. मला बघून तो गडबडला. “तुम्ही कशाला साहेब?”

“गप. तू त्या डब्यावर बस, पाय वर घे. मी घासतो, तू पूस.”

नळ मोठा सोडून मी त्याला सांगितलं, “हे बघ, मला काही सांगू नकोस. गाव नको, खोली नको, नाव नको. मला माहीत नसेल तर कोणी माझ्याकडून काढणार नाही. आणि मोबाइल कोणी दिला तरी इथून कोणाला फोन करायचा नाही.”

त्याने पुढचा पेला उचलला. तो पुसता पुसता म्हणाला, “पेलं टेकवू नका. वरडतात.”

मी हसलो, पण घासता घासता मनात हिशेब सुरू झाला. परवाने संपलेल्यांची खोली माहीत असून लपवली, तर माझा स्वतःचा इकामा कुठे राहतो? माझं निघणं चार-पाच महिन्यांवर आलेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना तरहीलला जाताना पाहिलं, शेवटी आपणही त्याच गाडीत बसायचं की काय, अशी धास्ती मला लागली होती. तरी रोज दोन्ही वेळा मी घासत होतो. अबू मिशारी कॉफी पीत लांबून बघत असे. एक-दोनदा त्याने येऊन पालथ्या पेल्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, हा पुरावा गोळा करतोय.

काही दिवसांनी त्याने मला बोलावलं. शेवटची सही आता त्याची असे. दाऊदचं नाव मंजूर झालं होतं. खाट, औषध, तिकीट, सगळं.

“आणि पत्ता?” माझ्या तोंडून निघून गेलं. सवय वाईट.

“पत्ताच नाही, तर शोधायला जाणार कुठे?” अबू मिशारी म्हणाला. “खलास.”

इतक्या सहज? माझी झोप उडाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं हा सापळा आहे. जायच्या आधी दाऊद गाववाल्यांचा निरोप घ्यायला जाईल आणि सरकारी माणसं त्याच्या मागून जातील. म्हणून निघायच्या दिवशी मी त्याच्याबरोबर दम्मामच्या विमानतळापर्यंत गेलो, वाटेत त्याला चहालाही उतरू दिलं नाही. मागे वळून वळून बघत होतो, कोणती गाडी आपल्या मागे आहे. एक पाण्याचा टँकर तेवढा बराच वेळ होता. दाऊद व्हीलचेअरवर आत गेला. वळला नाही, फक्त हात वर केला. नंतर त्याने गावाकडून फोन करून कळवलं की अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

आणि मागून कोणी आलं नाही. ना गाडी, ना चौकशी. पुढे सरकारने परवाने संपलेल्यांसाठी माफीची मुदत जाहीर केली. त्या खोलीतली सगळी माणसं त्या मुदतीत सुखरूप घरी गेली, खोली रिकामी झाली, हेही दाऊदनेच कळवलं.

माझा शेवटचा दिवस आला. अबू मिशारीने घरून मोठ्या परातीत कबसा आणला, भातावर अख्खी मेंढीची मांडी. सगळे चटईवर बसलो, व्हिलातली माणसं, कुट्टी, आम्ही दोघे. जेवण झालं आणि सवयीने मी उठायला लागलो. अबू मिशारीने माझं मनगट धरलं.

“बस,” तो म्हणाला. “आता घासायची गरज नाही. मी पहिल्याच दिवशी कुट्टीला विचारलं होतं.”

मी कुट्टीकडे बघितलं. कुट्टी छताकडे बघत होता.

“तूच म्हणाला होतास,” अबू मिशारी सावकाश बोलत होता, “आवडलेलं उत्तर दुसऱ्याला विचार. तुझं उत्तर मला फार आवडलं. म्हणून विचारलं. कुट्टी म्हणाला, अबू सलीमने इथे स्वतःचा कपसुद्धा कधी उचलला नाही. आणि मी वल्ला म्हटलं तेव्हा तू पाणी प्यायलास. तहान नसलेला माणूस इतकं पाणी पीत नाही.”

गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी. 

“मग इतके दिवस मला घासू का दिलंस?”

“खोटं पक्कं व्हायला नको?” तो हसला. “संस्थेची माणसं कधीही येतात. त्यांनी विचारलं असतं तर मी काय दाखवलं असतं? शिवाय तू बरा घासतोस.”

सगळे हसले. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, तरी हसले. मग अबू मिशारी खालच्या आवाजात म्हणाला, “आमच्या डोंगरात कोणी दारात आला तर तीन दिवस त्याला ‘कुठून आलास’ विचारत नाहीत. खायला देतात. तू त्या लंगड्याला पहिल्या तासात विचारलंस. मला ते आवडलं नव्हतं. पण तू घासायला उठलास, तेव्हा मी म्हटलं, हा माणूस ठीक आहे.”

त्याने दिलेली कॉफी मी वर्षभर संशयाने प्यायलो, हे आठवून मला गलबलून आलं. 

“आता खरं सांग,” तो म्हणाला. “तो घासत का होता?”

खोली रिकामी झालेली होती, आता सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं. आमच्या गावाच्या खोलीत ज्याला काम नसतं त्याला फुकट जेवण असतं, आणि तो सगळ्यांच्या ताटल्या घासतो.

“ज्याला काम नसतं, तो?”

“तो.”

अबू मिशारीने परातीकडे बघितलं, उष्ट्या ताटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं मनगट सोडून दिलं.

“यल्ला, मग ऊठ,” तो म्हणाला. “आजपासून तुला काम नाही.”

मी उठलो. मोठ्या ताटल्या खाली, छोट्या वर. अबू मिशारी आपला पांढरा झगा सावरत मोरीपाशी आला, दाऊद बसायचा त्या डब्यावर बसला आणि फडकं हातात घेऊन एकेक पेला पुसायला लागला. ठेवताना त्याने ते टेकू दिले नाहीत.

आता माझ्या खुर्चीवर तो आहे. तिकडून येणारे सांगतात, फार कडक माणूस आहे, हात-पाय बघून प्रश्न विचारतो. असेल. पण माझा संशय वेगळाच आहे. एखादं उत्तर ऐकून तो समोरच्याला पाण्याचा ग्लास देत असणार आणि पुढचं विचारत नसणार. जन्मभर मी इतक्यांवर संशय घेतला, त्यातला हा एक तरी खरा निघावा असं मला मनापासून वाटतं.